भाव खुला ठेवा, पाण्याचं आणि ऊसतोडीच्या पाळीचं नियोजन करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात गेले काही दिवस बाजार चांगला की नियोजन चांगलं यावर पत्रं येतायत. एकजण म्हणतो सरकारनं शेतीतनं आणि कारखानदारीतनं हात काढून घ्यावा, भाव आपोआप सगळं जुळवून आणतो, दुसरा म्हणतो बाजारावर सोडलं तर व्यापारी लुटून खाणार, सगळं ठरवूनच व्हायला पाहिजे. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे आणि करवीर तालुक्यात घरचा ऊस आहे, त्यामुळं दोन्हीचा अनुभव रोजचा आहे. मला या पत्रांत जे कुठं सापडलं नाही ते लिहितो. आपल्याकडं नियोजन भरपूर आहे, पण ते चुकीच्या जागी बसलंय. जो भाव रोज हलायला पाहिजे त्यात सरकार बोट घालून बसलंय आणि जिथं वीस-तीस वर्षांचा विचार लागतो, म्हणजे पाणी, पूर, जमीन, ऊसतोडीची पाळी, तिथं ज्याचं त्यानं बघून घ्यावं असं चाललंय.

आधी बाजाराच्या बाजूनं बोलतो कारण आपल्या भागात त्याच्यावर फार पटकन राग निघतो. हंगामात मार्केट यार्डात गुळाचे सौदे चालू असताना जरा वेळ काढून उभं राहून बघा. गुऱ्हाळावरनं आलेल्या रव्यांची (गुळाच्या ढेपांची) थप्पी अडत्याच्या दारात लागलेली असते, खरेदीदार येतो, रव्याचा तुकडा काढतो, बोटानं दाबून बघतो, रंग बघतो, जिभेवर ठेवतो, गूळ कणीदार आहे का चिकट, पावसाळ्यात टिकेल का पाघळेल हे त्याला दोन मिनिटांत कळतं आणि एका थप्पीला एक दर तर शेजारच्या थप्पीला क्विंटलमागं वेगळाच दर निघतो. हा फरक पुण्या-मुंबईत बसून कुठल्या खात्यानं काढून दाखवावा. शिवाय आपल्या गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरात, तिकडं कोल्ड स्टोरेजला किती माल पडून आहे, संक्रांतीला उठाव कसा राहील हे सगळं त्या व्यापाऱ्याच्या डोक्यात असतंय, तो कुणाला सांगत नाही, पण बोली लावताना ते सगळं त्याच्या आकड्यात उतरतं. गुऱ्हाळवाल्यानं गुजरात बघितलेला नसतो तरी दर पडला की तो समजतो, आता गुऱ्हाळ चालवण्यापेक्षा ऊस कारखान्याला घातलेला बरा.

ऑस्ट्रियातनं आलेले अर्थतज्ज्ञ हायेक यांनी 1945 साली नेमकं हेच मांडलं होतं. त्यांनी उदाहरण कथलाचं (टिन या धातूचं) घेतलं. जगात कुठं तरी कथील कमी पडलं, मग एखादी खाण बंद पडली म्हणून असो नाहीतर कथलाला नवा वापर निघाला म्हणून असो, वापरणाऱ्याला कारण कळायची गरजच नाही, भाव चढला की तो आपणहून काटकसर करतो. माहिती लाखो लोकांच्या डोक्यात थोडी थोडी विखुरलेली असते, ती एका टेबलावर गोळा होतच नाही, आणि झाली तरी होईपर्यंत शिळी होते. नियोजनाच्या बाजूच्या लोकांनी याला अजून पुरतं उत्तर दिलंय असं मला वाटत नाही.

आता दुसरी बाजू बघा. रशियात 1938 साली लेनिनग्राडच्या एका प्लायवूड ट्रस्टनं कँटोरोविच नावाच्या तरुण गणितज्ञापुढं प्रश्न टाकला, की आमच्याकडं वेगवेगळी यंत्रं आहेत, वेगवेगळ्या जातीचं लाकूड आहे, कुठलं लाकूड कुठल्या यंत्राला लावलं तर जास्तीत जास्त माल निघेल. आम्हा मशीन शॉपवाल्यांना हा प्रश्न सांगायला नको, कुठला जॉब कुठल्या मशीनला चढवायचा ही रोज सकाळचीच डोकेदुखी असते. त्यातनं ज्याला आज लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणतात ते गणित तयार झालं आणि त्यांना 1975 ला नोबेल मिळालं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ते गणित सोडवताना प्रत्येक यंत्राच्या तासाला आणि प्रत्येक मालाला एक एक किंमत त्या गणितातनंच बाहेर पडत होती. तिथल्या कर्मठ अर्थशास्त्र्यांना हे बरीच वर्षं रुचलं नाही, कारण किंमत फक्त श्रमातनं येते असं त्यांचं शास्त्र सांगत होतं. म्हणजे बाजार बंद करून पूर्ण नियोजन करायचं म्हटलं तरी किंमत काढावीच लागते, आणि तुम्ही काढली नाही तर ती मागच्या दारानं येते.

मागच्या दारानं कशी येते ते बघायला रशियाला जायला नको, जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या कुठल्याही गावात या. उसाची तोड ही कागदावर पूर्ण नियोजनाची गोष्ट आहे. लागणीची तारीख कारखान्याच्या शेती ऑफिसात नोंदवायची, मग आडसाली आधी, नंतर पूर्वहंगामी, मग सुरू (ही लागणीच्या हंगामाप्रमाणं उसाची नावं) आणि खोडवा (तोडलेल्या बुडख्यातनं परत फुटलेला ऊस) अशी पाळी लागते आणि त्या क्रमानं तोडकऱ्यांची टोळी येते. व्यवस्था म्हणून यात काही चूक नाही, उलट अशीच पाहिजे, कारण सगळ्यांचा ऊस एकाच आठवड्यात तोडून कारखान्याच्या गव्हाणीत टाकता येत नाही. पण पाळीपत्रक बघायला मिळत नाही. स्लिप बॉयला (तोडीची चिठ्ठी देणाऱ्याला) विचारलं तर तो टोळीच्या मुकादमाकडं बोट दाखवतो, मुकादम शेती अधिकाऱ्याकडं, तोपर्यंत उसाला तुरा येतो, ऊस आतनं पोकळ पडायला लागतो, वजन घटतं आणि शेत मोकळं झालं नाही म्हणून पुढचं पीकही लांबतं. मग काय होतं, टोळीला खुशाली द्यायची, ट्रॅक्टरवाल्याला एन्ट्री द्यायची (दोन्ही वरचे पैसेच), जेवणाचं बघायचं, आणि ज्यानं जास्त दिलं त्याचा फड आधी. हा लिलावच झाला, फक्त उघड्यावर होत नाही आणि पावती मिळत नाही. आमच्या फडाला हे सोसावं लागलंय, कारखान्याचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही कारण थोड्याफार फरकानं सगळीकडं हेच आहे. आणि मी यात तोडकरी माणसांना दोष देणार नाही, बीडहून बायकापोरं घेऊन आलेला माणूस आगाऊ घेतलेल्या उचलीच्या पैशात अडकलेला असतो, करारातला तोडणीदर त्याला पुरत नाही तेव्हा तो दुसरीकडनं भरून काढणारच.

आता याच कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला बघा, म्हणजे साखर विकायच्या बाजूला. उसाला एफआरपी (कारखान्यानं द्यायचा किमान दर) केंद्र सरकार ठरवतं, ते मला मान्य आहे, कारण तोडलेला ऊस घेऊन शेतकरी चार ठिकाणी हिंडू शकत नाही, एका दिवसात त्याचं वजन आणि उतारा (उसातनं निघणारी साखर) दोन्ही घटायला लागतात, अशा माणसाला किमान दराचा आधार पाहिजेच. पण पुढं काय, कुठल्या कारखान्यानं महिन्याला किती साखर विकायची तो कोटाही दिल्लीतनं, साखर परदेशात जाणार का नाही तेही दिल्लीतनं, साखरेचा किमान विक्री दर 2018 ला किलोला 29 रुपये केला, 2019 ला 31 केला, त्यानंतर एफआरपी क्विंटलला 275 वरनं 355 पर्यंत गेली आणि तो 31 चा आकडा वर्षानुवर्षं तिथंच. मग कारखाना म्हणतो पैसे नाहीत, कायद्यानं 14 दिवसांत बिल द्यायचं असतं ते लांबतं, उशिराला 15 टक्के व्याज आहे म्हणतात, ते किती जणांच्या खात्यावर आपणहून जमा झालंय ते शेतकऱ्यांना विचारा.

इथेनॉलचं तर ताजं आहे. सरकारनंच सांगितलं इथेनॉल करा, कारखान्यांनी कर्जं काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या, आणि डिसेंबर 2023 मध्ये हंगाम ऐन भरात असताना एका आदेशानं उसाच्या रसापासनं इथेनॉल करायला बंदी, मग आठवडाभरात थोडी सवलत, मग पुढच्या हंगामासाठी बंदी उठवली. अहो, आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने उभा असतोय, आज सरी सोडताना मी दीड वर्षानंतरचा अंदाज बांधून पैसा घालतो, आणि मधेच नियम बदलतो. पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल, निवडणूक जवळ आली, ग्राहकाला महाग पडायला नको, ही कारणं मला समजतात. पण याला नियोजन म्हणायचं का. ज्याच्या चुकीचा भुर्दंड ठरवणाऱ्याला बसत नाही आणि दुसऱ्यालाच बसतो ते नियोजन सुधारायचं तरी कशाला?

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 1980 च्या आसपास 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणून रान उठवलं तेव्हा मुद्दा हाच होता, की सरकार शेतकऱ्याला देतं कमी आणि भाव पाडून घेतं जास्त. मला त्यांचं ते म्हणणं आजही पटतं. कापूस एकाधिकार खरेदी योजना (सगळा कापूस सरकारनंच घ्यायचा) 1972 ला आपल्या राज्यानं आणली, तिचंही असंच झालं, सरकारी दर वर असला की शेजारच्या राज्यातला कापूस इकडं यायचा आणि बाहेर दर वर असला की इकडचा कापूस सीमेपलीकडं जायचा, तोटा सगळा योजनेच्या गळ्यात.

इथपर्यंत वाचून बाजारवाले खूश झाले असतील, पण त्यांनी पुढचं पण वाचावं. मी जिथं काम करतो तिथं मोठ्या गाडी कंपनीचं शेड्यूल येतं. या महिन्यात इतके नग, आठवड्याला इतके, अमुक तारखेला गेटवर. रेट वर्षाचा ठरलेला, पिग आयर्न आणि स्क्रॅपचा फरक ठरलेल्या फॉर्म्युल्यानं तिमाहीला ॲडजस्ट होतो. रोज सकाळी कुणी बोली लावत नाही. आणि त्या कंपनीच्या आत तर बाजाराचं नावच नाही, इंजिनच्या लाईननं असेंब्लीच्या लाईनला लिलावात इंजिन विकलं असं कधी कुणी ऐकलंय का? रोनाल्ड कोस यांनी 1937 मध्येच हा प्रश्न विचारला होता, बाजार एवढा चांगला तर कंपन्या असतातच कशाला, आणि उत्तर असं दिलं की बाजारात सौदा करायलाही खर्च येतो, तो जास्त झाला की माणसं एका छताखाली येऊन हुकमानं काम करतात. म्हणजे ज्या कंपन्यांच्या जिवावर खुल्या बाजाराचं कौतुक चालतं त्या आतनं नियोजनावरच चालतात आणि चांगल्या चालतात. फक्त शेड्यूल मधेच कट झालं की तयार माल आमच्या रॅकवर पडून राहतो, वरच्याचं काही जात नाही. बाजार असो की नियोजन, ज्याच्या हातात पेन आहे तो चुकला तर भुर्दंड कुणाला, हा प्रश्न दोन्हीकडं सारखाच लागतो.

आणि काही गोष्टी भावाला दिसतच नाहीत. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमीन बघा. वर्षानुवर्षं उसाला पाट पाणी दिलं, पाण्याची आकारणी मापावर नाही, पिकावर आणि क्षेत्रावर, त्यामुळं जास्त पाणी दिल्याचा जास्त पैसा कुणालाच मोजावा लागला नाही, खालची पाण्याची पातळी वर आली, मीठ वर आलं, जमिनीवर पांढरा थर बसला आणि जिथं ऊस डोक्याच्या वर जायचा तिथं गवतपण नीट उगवेना. हे होत असताना साखरेचा भाव सांगत होता, अजून ऊस लावा. आता ती जमीन सुधारायची तर जमिनीत खोलवर सच्छिद्र पाइप घालायचे, ते पाणी मोठ्या पाइपला जोडायचं, तो पाइप नाल्याला. पण माझ्या रानातलं खारं पाणी तुमच्या रानातनं गेल्याशिवाय नाल्याला पोचत नाही. मी एकट्यानं कितीही पैसे घातले तरी खालच्या शेतकऱ्यानं पाइप जाऊ दिला नाही तर सगळं वाया. शिरोळमध्ये हे काम जिथं झालं तिथं गावातली माणसं एकत्र बसली, कारखाना मधे पडला, कर्जाची सोय झाली, सर्व्हे करून उतार काढला, मेन लाईन सगळ्यांची आणि आतले पाइप ज्याचे त्याचे अशी वाटणी झाली आणि पडीक रानात परत पिकं उभी राहिली. हे कुठल्या भावानं जुळवलं नसतं. हे ठरवून, बसून, भांडून, सह्या घेऊनच होतं.

पुराचं तर काय सांगायचं. ऑगस्ट 2019 ला हायवे शिरोलीजवळ पाण्यात गेला, कित्येक दिवस शहर तुटलेलं होतं, पेट्रोल फक्त अत्यावश्यक गाड्यांना, भाजीचे दर कुठल्या कुठं गेले. पुस्तकाप्रमाणं दर चढला की माल यायला पाहिजे. पण ट्रक यायला रस्ताच नव्हता, तेव्हा चढलेला दर नुसता गरिबाच्या पोटावर आला. आंबेवाडी-चिखलीतली माणसं बाहेर काढली ती बोटींनी, आणि ती कुणी बोली लावून काढली नाहीत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटाला इशारा आणि 43 फुटाला धोका हे आपल्याकडं लहान पोरालाही पाठ आहे, पण पंचगंगेत पाणी किती यायचं हे राधानगरी धरणातनं किती सोडलं, खाली कोयना-वारणेचं कृष्णेला किती आलं आणि त्याच्याही खाली कर्नाटकातल्या हिप्परगी-अलमट्टीत किती धरून ठेवलंय यावर बरंच अवलंबून. अलमट्टीच्या फुगवट्याचा आपल्या पुराला किती हात यावर तज्ज्ञ भांडतात, भांडू देत, पण दोन राज्यांच्या धरणांनी रोजच्या रोज एकमेकांशी बोलून पाणी सोडायचं हे कुठल्या बाजारात ठरणार आहे? 2019 नंतर 2021 ला परत तसाच पूर आला.

आपल्या कोल्हापुरात हा वाद नव्यानं घालायचं खरं तर कारण नव्हतं. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला जागा करून दिली, ती बाजारासाठी. 1896-97 च्या दुष्काळात स्वस्त धान्याची दुकानं काढली, कारण त्या वेळी बाजार गरिबाला धान्य देत नव्हता. आणि 1908-09 च्या सुमारास राधानगरी धरणाचं काम हातात घेतलं, जे त्यांच्या हयातीत पूर्ण झालं नाही, पैशासाठी थांबलं आणि पुढं कित्येक दशकांनी पुरं झालं. कुठला सावकार, कुठला व्यापारी चाळीस-पन्नास वर्षं परतावा मिळणार नाही अशा कामात पैसा घालेल? आज करवीर, शिरोळचा ऊस आणि त्यावरचे कारखाने, बँका, पतसंस्था, ट्रॅक्टरची शोरूमं हे सगळं मोठ्या प्रमाणात त्या पाण्यावर उभं आहे. पण त्याच महाराजांनी शाहूपुरीत गुळाचा दर काय निघायचा हे राजवाड्यातनं ठरवत बसायचं असं कधी केलं नाही. पेठेला जागा दिली, पाण्याला बांध घातला आणि सौदा माणसांवर सोडला. माझं म्हणणं याच्या पुढं काही नाही.

सहकाराबद्दल एक लिहायचं राहिलं. धनंजयराव गाडगीळ पुण्याचे अर्थतज्ज्ञ, पुढं 1967 ला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, पण त्याच्या आधी विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरानगरचा कारखाना उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा. दिल्लीतला नियोजनकार आणि शेतातला शेतकरी यांच्या मधे अशी एक संस्था पाहिजे की जिथं ऊस घालणाराच मालक असेल आणि नियोजनही तोच करेल, ही त्यामागची कल्पना मला आजही दोन्ही टोकांच्या पत्रांपेक्षा मोठी वाटते. कारण तोडीची पाळी कशी लावावी हे गावातल्या माणसाला माहीत असतं आणि पाळी चुकली तर नुकसान त्याचंच होतं, माहिती आणि भुर्दंड एकाच माणसाकडं. पण आज वार्षिक सभेत काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय, अहवाल वाचायच्या आत एका बाजूनं 'मंजूर मंजूर' आणि दुसऱ्या बाजूनं 'नामंजूर'च्या घोषणा, राष्ट्रगीत आणि सभा संपली. सभासदानं एखादा प्रश्न विचारायला हात वर केला तर माईक मिळत नाही. अशा सभेतनं नियोजन कसलं होणार.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे आणि ती कुठल्याही पक्षाच्या माणसाला मान्य व्हायला हरकत नसावी. प्रत्येक कारखान्यानं गट आणि लागण तारखेप्रमाणं पाळीपत्रक हंगामाच्या आधी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर आणि मोबाईलवर लावावं, रोज कुणाचा फड तुटला ते तिथंच दिसावं, म्हणजे एन्ट्रीला जागा राहणार नाही, आणि तोडणीदर असा करावा की तोडकऱ्याला खुशालीवर जगावं लागणार नाही. साखर, इथेनॉल आणि निर्यातीचं जे काय धोरण असेल ते लागणीच्या आधी जाहीर करावं आणि तो ऊस गाळून होईपर्यंत हात लावू नये, आणि लावायचाच असेल तर झालेलं नुकसान सरकारनं भरून द्यावं. पाण्याची आकारणी हळूहळू मापावर न्यावी, ठिबकवाल्याला त्याचा फायदा दिसू दे. आणि दोन्ही राज्यांच्या धरणांचं विसर्गाचं वेळापत्रक मे महिन्यात छापून लोकांसमोर ठेवावं.

हे शेवटचं काम तर आपला पेपरसुद्धा करू शकतो. एफआरपीची बातमी तुम्ही पहिल्या पानावर देता तशी जूनपासनं रोज कुठल्या धरणात किती टक्के पाणी ठेवायचं ठरलं होतं आणि प्रत्यक्षात किती आहे ही चौकट शेजारी शेजारी छापा, राधानगरीपासनं अलमट्टीपर्यंत.

आपला,
एक ऊस उत्पादक वाचक,
ता. करवीर, जि. कोल्हापूर